प्रत्ययदीप

"मी उत्तम गातो," चाचणीला बसलेले पाध्ये म्हणाले, आणि त्यांच्या गळपट्टीवरचा दिवा स्वच्छ हिरवा झाला.

काचेच्या पलीकडे उभ्या असलेल्या डॉ. शर्वरी पोंक्षेने ध्वनिक्षेपकाचा आवाज आधीच कमी करून ठेवला होता. पाध्ये गायला लागले. प्रयोगशाळेतली मदतनीस मुलगी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली. संस्थेचे संचालक डॉ. मंदार सबनीस कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले आणि गाणं संपल्यावर म्हणाले, "यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठणठणीत आहे," शर्वरी म्हणाली. "पाध्यांना खरोखरच वाटतं की ते उत्तम गातात."

"म्हणजे खोटं बोलूनही दिवा हिरवा?"

"ते खोटं बोललेच नाहीत, सर. चुकीचं बोलले. त्यात फरक आहे." तिने पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी लावले. "आपण एखादं वाक्य उच्चारतो तेव्हा त्याच्या उलट वाक्य मेंदूत जागं आहे का, एवढंच हे यंत्र तपासतं. जागं असेल तर दोन्ही वाक्यांची खेचाखेच होते आणि एक अगदी क्षीण लहर उठते. मी तिला विसंवाद-लहर म्हणते. ती मानेवरच्या त्वचेतून टिपता येते. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, म्हणून ते आत जागं असतं. लहर उठते. दिवा लाल."

"आणि हा दुसरा आलेख?"

"तो आपल्या कार्यालयात हिशेब बघणाऱ्या वैद्यबाईंचा. काल मी त्यांना सहज विचारलं, मुलीच्या ऑपरेशनचं काय? त्या म्हणाल्या, 'बरी होईल माझी पोर.' दिवा लालभडक झाला. रडायलाच लागल्या."

सबनीस वाकून आलेख बघू लागले.

"त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मनात शंका होती. शंका असली की उलट वाक्य जागं राहतंच," शर्वरी म्हणाली. "लबाडाची लहर आणि शंका असलेल्या माणसाची लहर मला वेगळी काढता येत नाही. खूप प्रयत्न केला. ती एकच आहे. तेव्हा हे यंत्र प्रामाणिकपणा मोजत नाही. निःशंकपणा मोजतं."

"निःशंकपणा कोण विकत घेणार?" सबनीस हसून म्हणाले. "हे बघ, माणूस दिवसभरात काय बोलतो? दूध ताजं आहे. मी बँकेत गेलो होतो. या बांगडीत एवढंच सोनं आहे. यात शंका कुठून येणार? तिथे तुझा दिवा अचूक चालतो ना?"

"तिथे अचूक चालतो."

"मग झालं तर. बाकीचं आपण माहितीपत्रकात लिहू."

ते लिहिलंही गेलं. यंत्राला नाव दिलं 'प्रत्ययदीप'. शर्टाच्या गळ्याला लावायची एक पातळ पट्टी आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दिवा.

सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली, हे शर्वरीने पुढे कधी नाकारलं नाही. कोकण किनाऱ्यावर खाडी बुजवून नवखाडी नावाचं जे नवं शहर उभं राहिलं होतं, तिथे प्रत्ययदीप सर्वांत आधी रुजला. मासळीबाजारात कोळणी दिवा दाखवून 'आजचीच सुरमई' म्हणायच्या आणि ती आजचीच असायची. सराफांच्या दुकानातली घासाघीस संपली. जमिनीचे व्यवहार वकिलाशिवाय होऊ लागले. शर्वरी रस्त्याने चालली की अनोळखी माणसं थांबून नमस्कार करत.

मग भाषा बदलली. 'दिवा लावून बोल' हा वाक्प्रचार आई मुलाला, बायको नवऱ्याला, गिऱ्हाईक दुकानदाराला सुनवू लागलं. त्यानंतर माणसं बदलली. 'बहुतेक गुण येईल' म्हणणारे डॉक्टर लाल दिसायला लागले आणि त्यांचे दवाखाने ओस पडले. प्रत्येक रोगावर आपल्याकडे रामबाण उपाय आहे असं मनापासून वाटणाऱ्यांकडे रांगा लागल्या. लग्न ठरताना मुलामुलीने 'मी तुला सुखात ठेवीन' असं दिव्यासमोर म्हणायची पद्धत पडली. विचार करणारी मुलं-मुली तिथेच नापास होत.

राजकारणात तर दिवा वरदान ठरणार होता. खोटारडे पुढारी एका निवडणुकीत साफ झाले. त्यांच्या जागी उदयन मसुरकर आले. मसुरकर देखणे होते, आवाज भरदार होता आणि जे तोंडातून बाहेर पडेल ते त्या क्षणी त्यांना शंभर टक्के पटलेलं असायचं. सकाळी एक आणि संध्याकाळी त्याच्या नेमकं उलट बोलले तरी दिवा दोन्ही वेळा हिरवा. त्यांचा प्रतिस्पर्धी कष्टाळू आणि अभ्यासू होता. 'करवाढ टाळायचा मी प्रयत्न करीन' असं त्याने म्हणताच दिवा लाल झाला आणि सभेत हशा पिकला. मसुरकर महापौर झाले.

"काय दिवे लावलेस गं तू," त्या रात्रीच्या जेवणावर विश्राम तिला म्हणाला होता. चेष्टेतच म्हणाला, पण तिने ताट बाजूला सारलं.

विश्राम तांडेल तिचा नवरा. देवगडच्या बाजूच्या मच्छीमार घरातला. वडील होडी चालवायचे, हा शिकून समुद्र अडवणाऱ्या बांधांचा अभियंता झाला. नवखाडीचं अर्धं शहर भरतीच्या पातळीच्या खाली वसलेलं होतं आणि ते कोरडं ठेवणाऱ्या समुद्रबांधाची देखभाल त्याच्याकडे होती. स्वभावाने अत्यंत शंकेखोर. गॅस बंद केला का म्हणून जिन्यावरून परत येणारा. शर्वरीने त्याच्याशी लग्न केलं ते त्याच्या या स्वभावावर भाळूनच. जो माणूस स्वतःलाच पुन्हा पुन्हा तपासतो त्याच्या हातात आपण निर्धास्त राहू शकतो, असं तिला वाटलं होतं. उंबरठ्याच्या आत आलं की दोघंही पट्टी काढून ठेवत.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर विश्राम एका सकाळी बांधावरून घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीवर बसला.

"उत्तरेकडच्या सांध्यात भेग आहे," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात केसाएवढी होती. आज बोट जातं आत."

"बुजवता येईल?"

"वेळ मिळाला तर. पण परवा अमावास्या आहे, दुपारी मोठी भरती. शिवाय भर समुद्रात वादळ आहे, ते इकडे येणार नाही, पण त्याच्या लाटा येणार. उधाणाच्या वेळी त्या सांध्यावर किती जोर बसेल ते मी सगळ्या तऱ्हांनी काढून पाहिलं."

"आणि?"

"तीनात एक. तीन वेळा असं उधाण आलं तर दोनदा बांध टिकेल. एकदा नाही टिकणार." तो तिच्याकडे बघत राहिला. "खालचे वॉर्ड रिकामे केले पाहिजेत. केलेच पाहिजेत ना?"

"केलेच पाहिजेत," शर्वरी म्हणाली, आणि तिची नजर उंबरठ्याशी काढून ठेवलेल्या पट्ट्यांकडे गेली. कारण विश्रामला आता हे लोकांसमोर सांगायचं होतं, आणि दिवा लावून सांगायचं होतं.

तिने त्याला तयार केलं. जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच बोल, म्हणाली. भेग आहे, ती वाढतेय, उधाण येणार आहे. यातलं काहीही लाल होणार नाही.

महापौरांनी सभा शहराच्या मुख्य चौकात घेतली. आभाळ निरभ्र होतं, वारा पडलेला, आणि दुकानांतून आकाशकंदील टांगलेले. विश्राम बोलायला उभा राहिला तेव्हा मागच्या मोठ्या पडद्यावर त्याच्या गळ्याजवळचा दिवा फुटबॉलएवढा दिसत होता.

"उत्तर सांध्याला भेग आहे." हिरवा. "ती वाढते आहे." हिरवा. चौक एकदम शांत झाला. शर्वरीला क्षणभर वाटलं, जमलं.

"बांध फुटणार आहे का, साहेब?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"ते नक्की सांगता येत नाही," विश्राम म्हणाला. दिवा हिरवागार.

गर्दीत खसखस पिकली. "स्वतःच सांगतायत, माहीत नाही म्हणून!"

"ऐका. माहीत नाही, पण धोका मोठा आहे. तुम्ही दोन दिवसांसाठी घरं सोडून वर गेलंच पाहिजे." हे वाक्य बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर खालच्या वॉर्डातले म्हातारे, ऑक्सिजनवरचे आजारी, ऐन दिवाळीतले गाळे आले असणार. आणि तीनातल्या त्या दोन वेळाही आल्या असणार, ज्यांत यातलं काहीच करायची गरज नव्हती. पडद्यावरचा दिवा लाल झाला.

चौकात आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या.

मसुरकर उठले. त्यांनी विश्रामच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातातही प्रेमच होतं. "तांडेलसाहेब कष्टाळू माणूस आहे. काळजीपोटी बोलतायत. पण बंधूंनो, भगिनींनो, मी बांधावर स्वतः जाऊन आलोय. माझा हात लावून आलोय. आपला बांध टिकणार! आपण दिवाळी आपल्याच घरात साजरी करणार!"

दिवा हिरवा झाला. इतका स्वच्छ हिरवा शर्वरीने पाध्यांच्या गाण्यानंतर पाहिला नव्हता. ती धडपडत व्यासपीठाकडे निघाली. तिला ओरडून सांगायचं होतं, अहो, हा दिवा बांधाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त या माणसाबद्दल सांगतो. पण टाळ्यांच्या कडकडाटात तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही.

विश्रामची बहीण शेवंती खालच्या वॉर्डात राहायची. खानावळ चालवायची. दोघं थेट तिच्याकडे गेले. ती चकल्या तळत होती.

"आयक गो माजा," विश्राम म्हणाला. "पोरांका घे आणि आमच्याकडे चल."

"दादा, बांध फुटतलो काय?"

"फुटतलोच असा नाय. पण फुटाक शकता."

शेवंतीने झारा खाली ठेवला आणि भावाच्या गळ्याकडे पाहिलं. बाहेरून आल्यामुळे पट्टी तशीच होती. "मगे तू तरी एकदा छातीठोक सांग माका. जीव वाचवचो आसात तर चल, असा सांग."

"जीव वाचवचो आसात तर चल."

तिने दिव्याकडे बघितलं आणि समजूत घातल्यासारखं हसली. "तांबडो झालो, दादा. तुजाच मन घेणा नाय हा. पोरांका ने तू, तेंका मजा येतली. माजी चाळीस माणसांची ऑर्डर आसा."

शर्वरी पुढे झाली. तिने नणंदेचा हात धरला, विनवलं, शेवटी रागावली. पण तिच्या गळ्याशीही तोच दिवा होता आणि तिलाही नक्की काहीच माहीत नव्हतं. शेवंतीने पोरांचे कपडे पिशवीत भरून दिले. वर चकल्यांचा डबा दिला.

अमावास्येच्या दुपारी, लोक जेवायला बसले असताना, उत्तरेचा सांधा उघडला. पाणी खालच्या वॉर्डात शिरलं तेव्हा ऊन पडलेलं होतं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून आकाशकंदील तरंगत बाहेर येत होते. शेवंती तिसऱ्या दिवशी सापडली.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष न्यायमूर्ती इनामदार सचोटीचे गृहस्थ होते. आयोगाचं कामकाज पूर्णपणे प्रत्ययदीपावर चालेल, हा आदेश त्यांनी निःपक्षपातीपणाच्या भावनेनेच दिला.

मसुरकरांना विचारलं गेलं, "तुम्ही नागरिकांची फसवणूक केलीत?"

"नाही. मला जे वाटलं तेच मी बोललो." डोळ्यांत पाणी, दिवा हिरवा. आणि ते खरंच होतं.

मग विश्राम उभा राहिला. बांध ज्या ठिकाणी फुटला तिथल्या काँक्रीटमध्ये कस नव्हता. ते काम झालं तेव्हा तपासणीची जबाबदारी त्याची होती.

"कामात तुमच्याकडून हयगय झाली होती का?"

"नाही," विश्राम म्हणाला. पण ज्याने आयुष्यभर जिन्यावरून परत जाऊन गॅस तपासला, तो बहिणीला अग्नी देऊन आल्यावर या प्रश्नाचं उत्तर निःशंक मनाने कसं देणार? दिवा लाल झाला.

"लोकांना वाचवण्यासाठी शक्य ते सगळं तुम्ही केलंत?"

"केलं," असं विश्राम जेमतेम ऐकू येईल इतकं पुटपुटला. लाल.

शर्वरीला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. तिने प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं. पाध्यांचं गाणं सांगितलं, वैद्यबाईंचं रडणं सांगितलं. दिवा शंकेला आणि खोट्याला एकच रंग देतो, हे सांगितलं. प्रत्येक वाक्याला तिचा दिवा हिरवा राहिला.

"म्हणजे यंत्र सदोष आहे असं आपलं म्हणणं आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"नाही. ते जे मोजतं ते अचूक मोजतं. आपण त्याला भलतंच विचारतो आहोत."

"डॉक्टर पोंक्षे, आपण तांडेलांच्या पत्नी आहात, हे लक्षात घेऊन विचारतो. तांडेलांनी हयगय केली नाही, असा आपला त्यांच्यावर विश्वास आहे?"

प्रश्न पुरा व्हायच्या आत तिला कळलं. त्या काँक्रीटची तपासणी झाली तेव्हा ती तिथे नव्हती. एखाद्या दुपारी विश्राम थकला असेल, एक नमुना तपासायचा राहिला असेल. असं झालं नसेलच, हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिला फक्त तो माहीत होता. तेवढ्यावर ती त्याच्या बाजूने उभी होती, आणि उभी राहणार होती.

"आहे," ती म्हणाली. "पूर्ण विश्वास आहे."

दालनात झालेल्या हालचालीवरून तिला रंग समजला. तरी ती घाईघाईने पुढे बोलत राहिली. "महोदय, विश्वास नेहमी लालच दिसणार! खात्री असती तर मला विश्वास ठेवायची गरजच पडली नसती. जिथे खात्री नाही, तिथेच विश्वास ठेवावा लागतो." हे बोलताना तिचा दिवा पुन्हा हिरवा झाला होता. पण तोवर बातमीदार दाराबाहेर पोचले होते आणि विश्राम मान खाली घालून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

आयोगाच्या अहवालावरून विश्रामवर खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. मसुरकर पुढच्या निवडणुकीनंतर राज्यात मंत्री झाले. शेवंतीची मुलं शर्वरीकडे वाढू लागली.

तुरुंगात भेटीच्या खोलीत पट्टी सक्तीची होती, कैद्याला आणि भेटायला येणाऱ्यालाही. कितीतरी महिने ती दोघं मुलांच्या शाळेबद्दल, गुडघेदुखीबद्दल बोलत राहिली. मग एके दिवशी विश्रामनेच विषय काढला. तो खूप वाळला होता.

"तेव्हा तुला शंका होती माझ्याबद्दल?"

"होती. आणि विश्वास होता. दोन्ही एकाच जागी असतात रे. तुला मी प्रयोगशाळेतले आलेख दाखवले होते."

"आलेख राहू देत. शेवंतीला मी चल म्हटलं तेव्हाही माझा लाल होता. तिने बरोबर ओळखलं. माझ्या मनातच नव्हतं पुरतं." त्याने काचेला बोटं टेकवली. "आता पुन्हा एकदा म्हण."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे, विश्राम."

लाल.

तिला वाटलं, आता एकच मार्ग उरला आहे. इतक्या वर्षांत आपण हा प्रयोग कधी केलाच नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. खोटं बोलल्यावर दिवा हिरवा होऊ शकत नाही. म्हणजे उलट वाक्य म्हणून दाखवलं तर त्याला दिसेल. डोळ्यांनी दिसेल.

"आता नीट बघ," ती म्हणाली. "माझा तुझ्यावर विश्वास नाही."

दिवा लाल झाला. आधीच्याइतकाच लाल.

"बघितलंस?" ती रडत हसत म्हणाली. "नाही म्हणतानाही लाल! विश्वास नसता तर हा हिरवा झाला असता. बघ ना, विश्राम!"

तो तिच्या गळ्याकडे बघत होता. जिन्यावरून परत येणारा, प्रत्येक गणित पुन्हा मांडून पाहणारा तो माणूस तिने त्याच्या डोळ्यांत शोधला. तिथे फक्त एक थकलेली शांतता होती.

"म्हणजे दोन्ही वेळा खोटंच बोललीस," विश्राम म्हणाला.

त्याच्या कैद्याच्या पट्टीवरचा दिवा, लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलताना, स्वच्छ हिरवा होता.